लढाई न पाहिलेली तलवार

ब्रिटिश नौदलाच्या अधिकाऱ्यांची ती जुनी तलवार असते ना, १८२७ च्या नमुन्याची, सोनेरी मूठ आणि वर सिंहाचं तोंड असलेली, तिचे फोटो नेहमी बाहेरच्या बाजूने काढलेले असतात. साहजिकच आहे म्हणा, मुकुट त्या बाजूला, दोर गुंडाळलेला नांगर त्या बाजूला, सगळी शोभा तिकडेच. पण मला विचाराल तर ही तलवार आधी आतल्या बाजूने बघावी, म्हणजे कमरेला लटकवल्यावर जी बाजू अंगाला लागते तिकडून. तिथे परजेच्या कडेला, म्हणजे हाताला आडोसा देणारा मुठीचा जो पितळी भाग असतो त्याच्या कडेला, एक छोटीशी पट्टी असते, बिजागरीवर बसवलेली. ती बोटाने खाली दुमडता येते आणि तिला एक भोक असतं. म्यानाच्या तोंडाशी एक बारीक गुंडी असते, तलवार म्यानात पूर्ण गेली आणि पट्टी खाली दाबली की ते भोक त्या गुंडीवर टक्कन बसतं, आणि मग म्यान उलटं धरलं तरी तलवार बाहेर येत नाही.

आता ही गंमत कशासाठी हे कळायला जहाजावरचा माणूस डोळ्यासमोर आणावा लागतो. छोट्या होडीतून मोठ्या जहाजाच्या अंगाला लागायचं, होडी खालीवर होतेय, जहाजाची बाजू ओली, एका हाताने दोर धरून चढायचं आणि कमरेला ही जवळपास एक मीटर लांबीची वस्तू लोंबकळतेय. घोडेस्वाराची तलवार म्यानातून निसटली तर मागे वळून उचलता येते, इथे निसटली की गेली तळाला. म्हणून कुलूप. आणि तीच पट्टी दुमडल्यावर परजेची आतली कड बरगड्यांना टोचत नाही, कोटाला घासत नाही, म्हणजे एका इवल्याशा तुकड्यात दोन कामं. तलवार उपसली की पट्टी परत वर करायची, परज पुन्हा पूर्ण. ज्याने कोणी हे पहिल्यांदा बसवलं तो माणूस नक्की बोटीत चढउतार केलेला असणार किंवा तसं करणाऱ्यांचं नीट ऐकून घेणारा असणार, असं मला ते बघताना दर वेळी वाटतं.

१८०५ च्या आधी नौदलाच्या अधिकाऱ्याने कुठली तलवार लावावी याचा काही नियमच नव्हता. प्रत्येकजण आपल्या पैशाने, आपल्या आवडीची घ्यायचा. अठराव्या शतकाच्या मध्यावर बऱ्याच जणांकडे शिकारीला वापरतात तसल्या आखूड तलवारी दिसतात, पुढे सरळ हलक्या पात्याची आणि मुठीच्या कडीवर ओळीने पाच गोळे असलेली फॅशन आली, तिच्यावर नांगर कोरून घेतला की झाली नौदलाची. मग १८०५ मध्ये पहिला अधिकृत नमुना ठरला. सरळ पातं, घोड्याच्या रिकिबीच्या आकाराची परज, वरच्या हुद्द्यांना हस्तिदंती मूठ आणि लेफ्टनंट व त्याखालच्यांना काळ्या कातडीची. त्याच वर्षी ऑक्टोबरात फ्रेंच-स्पॅनिश आरमाराविरुद्धची ट्रफाल्गरची लढाई झाली, आणि त्या दिवशी ब्रिटिश आरमारप्रमुख नेल्सनने तलवार लावलीच नव्हती, ती त्याच्या केबिनमध्ये टेबलावर राहिली होती. इतक्या लढायांत कमरेला असलेली तलवार नेमकी शेवटच्या लढाईत टेबलावर.

रिकिबीच्या आकाराची परज दिसायला छान असते पण हाताचं रक्षण म्हणून बघितलं तर ती फक्त एक पट्टी आहे, बोटांच्या समोरून जाणारी, बाजूने वार आला तर हात उघडाच. आणि जहाजावर चढाई करतानाची मारामारी कशी असायची ते बघा. १ जून १८१३ ला शॅनन या ब्रिटिश जहाजाने बोस्टनबाहेर अमेरिकेच्या चेसापीक या जहाजावर चढाई केली, सगळी झुंज पंधरा मिनिटांच्या आसपास संपली, आणि तेवढ्यात शॅननचा कॅप्टन फिलिप ब्रोक डोक्यावर तलवारीचा इतका खोल घाव खाऊन पडला की तो जगला हेच नशीब, पण त्यानंतर त्याने कधी जहाजाची सूत्रं सांभाळली नाहीत. जागा अरुंद, आजूबाजूला दोर, तोफा, पडलेली माणसं, पाय ठेवायला धड जागा नाही, अशा ठिकाणी डावपेचाला वाव कमी आणि हाताला जपण्याची गरज जास्त.

हे मनात ठेवून १८२७ ची परज बघितली की तिचा आकार पटतो. ती अर्ध्या वाटीसारखी हाताभोवती वळते, भरीव पत्र्याची, त्यावर उंच उठवलेल्या रेघा. १८२२ मध्ये पायदळाच्या अधिकाऱ्यांना जी मूठ मिळाली तिचाही आकार असाच, पण तिथे नुसत्या पितळी सळ्या आणि मधे मोकळ्या फटी. नौदलाने तोच आराखडा घेतला पण फटी बुजवल्या, सळ्यांच्या जागी फक्त उठाव ठेवला. दिसायला नातं कळतं, कामाला कितीतरी चांगली. पायदळाच्या त्या नाजूक जाळीपेक्षा मला ही नेहमीच जास्त प्रामाणिक वाटत आली आहे, आणि यात आवडीनिवडीचा भाग असेलही, पण टोक फटीतून आत येऊ शकतं आणि पत्र्यातून येऊ शकत नाही हा काही आवडीचा प्रश्न नाही.

मुठीच्या डोक्यावर सिंह. त्याची आयाळ मागच्या बाजूने मुठीच्या पाठीवरून खाली उतरत जाते आणि परजेला जाऊन मिळते. पितळ साच्यात ओतायचं आणि मग थंड झाल्यावर बारीक छिन्न्या आणि ठसे घेऊन एकेक केस उठवायचा, डोळ्याच्या खोबणी, नाकाच्या कडा, दातांची रेघ. चांगल्या कारागिराच्या हातचा सिंह आणि घाईतला सिंह शेजारी ठेवले तर फरक चेहऱ्यात आधी कळत नाही, आयाळीत कळतो. चेहऱ्यावर सगळेच मेहनत घेतात कारण गिऱ्हाईक तिकडे बघतं, आयाळ खाली खाली जाताना केस नुसत्या समांतर रेघा होत जातात का शेवटपर्यंत वळण घेतात हे बघायचं. सिंह सगळ्यांना मिळायचा नाही, नियमित हुद्द्याच्या अधिकाऱ्यांनाच, वॉरंट अधिकाऱ्यांच्या, म्हणजे त्यांच्याखालच्या हुद्द्यांच्या, तलवारीवर साधी पायरीपायरीची टोपी आणि काळी मूठ. म्हणजे शंभर पावलांवरून मूठ पांढरी की काळी एवढं दिसलं तरी समोर कोण आहे ते समजायचं.

आणि ती पांढरी मूठ! माझ्यासाठी या तलवारीतलं सगळ्यात देखणं काम ते आहे. एका संग्राहक मित्राने एकदा त्याची तलवार हातात दिली, व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, आणि मी पातं बघायच्या आधी कितीतरी वेळ मूठच चाचपत बसलो होतो. आत लाकूड, त्याला आडव्या खाचा, वर पाकटाची कातडी. पाकट म्हणजे तो सपाट पसरट मासा, त्याच्या अंगावर नेहमीसारखे खवले नसतात, खसखशीसारखे बारीक कडक दाणे असतात, आणि हे दाणे खरं म्हणजे दातांच्याच जातीचे आहेत, आत दंतिन, वर कठीण आवरण. त्यामुळे ही कातडी ओली झाली तरी बुळबुळीत होत नाही. घामाने, पाण्याने, रक्ताने हात ओला असला तरी पकड टिकते, साध्या चामड्याची मूठ अशा वेळी हातातून फिरते. जपानी तलवारींच्या मुठींवरही वेटोळ्यांच्या खाली हीच कातडी असते, जगाच्या दोन टोकांच्या कारागिरांनी एकाच माशावर विश्वास ठेवलाय.

ही कातडी बसवणं सोपं नाही. भिजवून मऊ करायची, लाकडावर ताणून गुंडाळायची, खाचांत दाबायची आणि वाळताना ती आवळत जाते, आवळली की लाकडाला अशी धरते की कातडी आणि लाकूड वेगळे वाटत नाहीत. जोड येतो तो अशा ठिकाणी लपवतात की सहज नजर जाऊ नये. त्यानंतर खाचांतून सोन्याचा मुलामा दिलेली तार, बहुतेक वेळा तीन पदरी, मधली जाड पिळाची आणि दोन्ही बाजूंना बारीक. तार फक्त शोभेची नाही, कातडी उचलू न देण्याचं आणि बोटांना टेकू देण्याचं काम तिचं. मित्राच्या तलवारीवर तळहात जिथे टेकतो तिथले दाणे झिजून गुळगुळीत झाले होते, बाकीच्या ठिकाणी खरखरीतच. ही झीज मात्र लढाईची नाही, संचलनाची, समारंभांची, बंदरात सलामी देण्याची. कुणीतरी वर्षानुवर्षं ती एकाच जागी धरून उभा राहिला होता.

सोनेरी रंगाबद्दलही थोडं सांगायला हवं कारण त्यामागे जे झालंय ते मूठ बघून कळत नाही. जुन्या पद्धतीत सोनं पाऱ्यात विरघळवून त्याचा लगदा करायचा, तो पितळेवर चोळायचा आणि मग तापवायचं. पारा वाफ होऊन उडून जातो, सोनं धातूला चिकटून राहतं. हा मुलामा जाड, उबदार रंगाचा आणि वर्षानुवर्षं टिकणारा. पण ती वाफ कारागिराच्या छातीत जायची. हात थरथरणं, दात पडणं, बुद्धी भ्रमणं, या धंद्यातली माणसं अशी झिजून जायची हे तेव्हाही माहीत होतं. १८४० मध्ये एल्किंग्टन यांनी विजेने मुलामा देण्याचं पेटंट घेतलं आणि हळूहळू पारा मागे पडला. विजेचा मुलामा पातळ असतो, लवकर झिजतो, आणि संग्रहाच्या जगात पाऱ्याच्या मुलाम्याचं फार कौतुक होतं. रंग खरंच वेगळा आहे, नाकारत नाही. पण मला त्या कौतुकात सामील होताना नेहमी थोडं अडखळायला होतं.

आता पातं. १८२७ ला जे पातं ठरलं ते थोडं वाकडं आणि पाठीवर गोल नळीसारखा दांडा असलेलं. या दांड्यामुळे पातं ताठ राहतं, भोसकताना वाकत नाही, पण कापताना तोच दांडा आडवा येतो, धार आत शिरली की मागची जाडी तिला पुढे जाऊ देत नाही. म्हणजे भोसकायला बरी, कापायला अडचणीची. १८४६ मध्ये हे बदललं. हेन्री विल्किन्सन या लंडनच्या शस्त्रकाराने पायदळासाठी आणलेलं पातं नौदलानेही घेतलं, सपाट पाठ, दोन्ही अंगांना एकेक रुंद पन्हळ आणि टोकाशी भाल्यासारखं दुधारी निमुळतं. लांबी साधारण ३१ इंच, म्हणजे ८० सेंटिमीटरच्या आतबाहेर.

ही पन्हळ रक्त वाहून जाण्यासाठी असते असं लोक फार ठामपणे सांगतात. तसं काही नाही. पन्हळीचं काम वजन कमी करण्याचं. पात्याच्या मधलं पोलाद ताठपणाला फारशी मदत करत नाही, ताठपणा कडांच्या आणि पाठीच्या जाडीतून येतो, तर मधलं काढून टाकलं की पातं हलकं होतं आणि ताठपणा जवळपास तेवढाच राहतो. पण ती पन्हळ दोन्ही बाजूंना अगदी समोरासमोर यायला हवी, खोलीही सारखी हवी, मुठीपासून टोकाकडे हळूहळू उथळ होत जायला हवी. एका बाजूला केसभर सरकली तर पाणी देताना पातं पिळवटतं. चांगलं पातं हातात धरून एका डोळ्याने टोकाकडे बघा, पन्हळीच्या कडा दोन सरळ रेघांसारख्या एकमेकींकडे येत जातात, कुठे लाट नाही, कुठे ढिलेपणा नाही. हे कुणीतरी घासचाकावर वाकून, हाताच्या अंदाजाने केलंय.

पाणी देणं हा सगळ्यात जोखमीचा टप्पा. लाल तापलेलं पातं एका झटक्यात थंड केलं की ते कडक होतं पण काचेसारखं ठिसूळ, मग पुन्हा हलकं तापवून तो कडकपणा थोडा उतरवायचा की ते लवचिक होतं. किती उतरवायचा हे रंगावरून ठरायचं. घासलेल्या पोलादावर तापताना आधी गवती पिवळा रंग येतो, मग तपकिरी, जांभळा आणि सुमारे ३०० अंश सेल्सिअसला निळा. थर्मामीटर नव्हता, डोळा होता. हाच निळा रंग मुद्दाम ठेवून त्यावर सोन्याची नक्षी काढलेली पाती अठराव्या शतकाच्या शेवटी आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला फार गाजली.

त्यातली सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे लॉइड्सच्या देशभक्ती निधीच्या तलवारी. १८०३ मध्ये लंडनच्या विमा व्यापाऱ्यांनी हा निधी काढला आणि पराक्रम केलेल्या अधिकाऱ्यांना तलवारी भेट द्यायला लागले, कॅप्टनांना १०० पौंडांची, लेफ्टनंटांना ५० ची आणि मिडशिपमन म्हणजे शिकाऊ अधिकारी वगैरेंना ३० ची. बनवणारा लंडनच्या स्ट्रँडजवळचा रिचर्ड टीड. मुठीवर हर्क्युलसची गदा, तिला विळखा घालणारा साप, सिंहाचं कातडं, निळ्या पात्यावर सोन्याच्या अक्षरांत त्या अधिकाऱ्याचं नाव आणि त्याने काय केलं त्याची हकिगत. काम अप्रतिम आहे यात शंका नाही, निळा रंग तर असा की संध्याकाळचं आकाश पात्यावर उतरल्यासारखा. तरीही मला ती तलवारीपेक्षा मानपत्र जास्त वाटते. तिच्यावरची प्रत्येक गोष्ट काहीतरी सांगायला आहे, करायला काही नाही. १८२७ च्या तलवारीवर सिंह आहे, मुकुट आहे, पण ती पट्टी, ती कातडी, तो पत्रा, सगळं काहीतरी करतंय.

आणि त्याच्या अगदी उलट टोकाला खलाशांची आखूड तलवार, १८०४ ची. लोखंडाची मूठ, तीही काळी रंगवलेली, धरायला आडव्या रेघा, परज म्हणजे दोन गोल चकत्या जोडलेल्या आठाच्या आकड्यासारख्या. ती कुणाच्या मालकीची नसायची, जहाजावर रॅकमध्ये असायची, चढाईची वेळ आली की हाती द्यायची. तिच्यात शोभेचा एक ठिपका नाही, आणि ब्रिटिश नौदलातून ती अधिकृतपणे गेली १९३६ मध्ये. अधिकाऱ्याची तलवार मात्र स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या हाताच्या मापाने, हव्या त्या दुकानदाराकडून घ्यायची, म्हणून एकच नमुना असूनही दोन तलवारी तंतोतंत सारख्या मिळणं कठीण. कुणी पातं जड मागवलंय, कुणी सडपातळ, कुणी स्वतःची आद्याक्षरं कोरून घेतलीत.

नक्षी तेजाबाने व्हायची. पात्यावर मेणाचा किंवा डांबराचा थर द्यायचा, जिथे आकृती हवी तिथलं पोलाद उघडं करायचं आणि तेजाब लावायचं, उघडा भाग खाल्ला जातो आणि धूसर होतो, झाकलेला चकचकीत राहतो. नांगर, मुकुट, पानांच्या वेली, राजचिन्ह. ती इतकी उथळ असते की दोनतीन पिढ्यांनी जोरजोरात घासलं की नाहीशी होते, आणि तसं झालेली पाती बघून फार वाईट वाटतं. नांगराच्या जागी नुसती सावली उरलेली असते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसलो तिच्याकडे येतो. मुठीजवळ पात्याच्या एका अंगावर, चांगल्या तलवारींत, पितळेची एक छोटी गोल चकती पोलादात बसवलेली दिसते. विल्किन्सनच्या तलवारींवर ती सहा टोकांच्या ताऱ्याच्या मधे असते आणि तिच्यावर कस लावून पाहिल्याचा शब्द कोरलेला असतो. म्हणजे काय, तर १८४० च्या दशकात हेन्री विल्किन्सनने एक यंत्र बनवलं होतं, यांत्रिक हाताने पातं ठरावीक जोराने आपटणारं, कारण माणसाचा हात एकदा जोरात मारेल आणि एकदा थकून हळू. पातं आपटायचं, वजनाखाली वाकवायचं, सोडल्यावर ते पूर्ण सरळ झालं तर पास, जरा वाकडं राहिलं किंवा तडा गेला तर बाद. पास झालेल्यालाच चकती. ती चकती इतकी विश्वासाची ठरली की पुढे बाकीचे कारखानेही तसलीच चकती लावायला लागले, त्यातल्या काहींनी खरंच कस लावला आणि काहींनी नुसतीच पितळ बसवली.

त्याचबरोबर पात्याची शेपटी, जी मुठीच्या आत असते आणि कधीच कुणाला दिसत नाही. पातं मुठीत शिरतं तिथे ते अरुंद होऊन लाकडातून आरपार जातं आणि वर सिंहाच्या डोक्यातून बाहेर येऊन ठोकून पसरवलेलं असतं. तलवार मोडते ती बहुतेक वेळा तिथेच, कारण खांदा अचानक अरुंद होतो. १८५३ मध्ये बर्मिंगहॅमच्या चार्ल्स रीव्ह्सने यावर पेटंट घेतलं, शेपटी मुठीच्या पूर्ण रुंदीची ठेवायची आणि दोन बाजूंनी मुठीच्या फळ्या रिव्हेटने बसवायच्या. महाग काम, वजनही वाढायचं. तरी काही नौदल अधिकाऱ्यांनी ते मागवून घेतलंय.

आणि आता हे बघा की काळ कुठला आहे. १८६० मध्ये वॉरियर हे लोखंडी चिलखताचं जहाज पाण्यात उतरलं. जहाजाला जहाज भिडवून, दोर टाकून, तलवारी उपसून पलीकडे उडी मारायचे दिवस गेले होते. किनाऱ्यावर उतरून लढणाऱ्या नौदलाच्या तुकड्यांत अधिकाऱ्यांच्या हातात तलवारी असायच्या, ते खरं, पण १८८० ला, १८९५ ला जो तरुण लेफ्टनंट दुकानात जाऊन तलवार घेत होता त्याला आणि विकणाऱ्याला दोघांनाही पक्कं माहीत होतं की ही बहुतेक करून समारंभात वापरली जाणार. कोर्टमार्शलच्या वेळी टेबलावर ठेवली जाणार, निकाल विरुद्ध गेला तर आरोपी अधिकारी आत आल्यावर त्याला टोक त्याच्याकडे केलेलं दिसणार, सुटला तर मूठ. शरण जाताना मुठीकडून पुढे करायची. १७९७ च्या केप सेंट व्हिन्सेंटच्या लढाईत स्पॅनिश अधिकाऱ्यांच्या तलवारी नेल्सनच्या हातात आल्या तेव्हा त्याने त्या विल्यम फिअर्नी या आपल्या खलाशाकडे दिल्या आणि त्याने त्या शांतपणे काखेत मारल्या, एकेक करून. एवढी मानाची वस्तू. पण मान वाहायला पोलाद वाकवून बघायची काय गरज? टेबलावर ठेवायला कुठलंही पातं चाललं असतं.

तरीही वाकवून बघितलं जात होतं. मला याचं फार वाटतं. ज्या पात्याला बहुधा धारही लावली जाणार नव्हती, कारण विकताना ती बोथटच असायची आणि युद्धावर जायचं ठरलं तर लावून घ्यायची, त्या पात्याला कुणीतरी यंत्रावर आपटत होतं. काही लोक म्हणतात ही जाहिरातबाजी, चकतीमुळे तलवार जास्त किमतीला जायची. असेल, धंदा होताच. पण जाहिरातीसाठी चकती पुरेशी होती, नुसती चकती लावणारे होतेच की आजूबाजूला. यंत्र चालवायचं, बाद झालेलं पातं बाजूला टाकायचं, त्याचा खर्च सोसायचा, हे जाहिरातीपलीकडचं आहे. कारागिराने वापर होईल की नाही याचा निर्णय स्वतः घेतला नाही. लेफ्टनंटच्या आयुष्यात कधी एकदा ती वेळ आलीच, तर त्या एका वेळी पातं मुठीतून निघून येऊ नये, इतकं साधं गणित. आणि सोनं, सिंह, नांगर हे सगळं त्या गणितावर उभं आहे म्हणून मला ते खोटं वाटत नाही.

म्यान काळ्या चामड्याचं, तोंडाशी मोहनाळ, टोकाला तहनाळ आणि मधे एक पट्टा, तिन्ही मुलामा दिलेल्या पितळेचे, लटकवायला दोन कड्या. चामड्याची शिवण आतल्या बाजूला, बारीक, एकसारख्या टाक्यांची. दुर्दैवाने तलवारीचा सगळ्यात आधी मरणारा भाग हाच. चामडं आकसतं, शिवण उसवते, तहनाळ सुटून हरवते. आणि चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं आंबट असतात, ओल धरतात, त्यामुळे म्यानात वर्षानुवर्षं ठेवलेलं पातं आतल्या आत गंजतं. जिथे चामडं आणि पितळ भिडतात तिथे हिरवा मेणचट थर येतो. कुणाकडे अशी तलवार असेल तर कृपा करून पातं आणि म्यान वेगवेगळे ठेवा, पात्याला पातळ तेलाचा हात द्या, आणि धातू चमकवायच्या पॉलिशने मूठ अजिबात घासू नका. सोन्याचा थर केसापेक्षा पातळ आहे, एका दुपारच्या उत्साहात तो निघून जातो आणि खालचं पितळ नव्यासारखं चमकतं, आणि लोक खूश होतात. त्या चमकदार पिवळ्या मुठी बघितल्या की जीव तुटतो.

तलवार किती जुनी हे मुकुटावरूनही थोडंफार कळतं. १९०१ नंतरचा मुकुट गोल कमानींचा, १९५३ नंतरचा, म्हणजे दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या काळातला, वरच्या बाजूला मधे दबलेला. पात्यावर राजाची अक्षरं असतील तर आणखी सोपं. १९२९ च्या सुमाराला पात्याची वाक काढून ते सरळ करण्यात आलं, पण मूठ तीच राहिली, आजही ब्रिटिश नौदलाचे अधिकारी संचलनात जी लावतात तिचा नमुना १८२७ चाच आहे. म्हणून पणजोबांची तलवार पणतू लावू शकतो, आणि काही घरांत तसं होतंही, वर मुकुट व्हिक्टोरियाचा आणि कमरेला आजचा माणूस.

विल्किन्सनची तलवार असेल तर आणखी एक गोष्ट करता येते. पात्याच्या पाठीवर, मुठीला लागून, बारीक आकडे ठोकलेले असतात. १८५० च्या दशकापासून कंपनीने प्रत्येक चांगल्या पात्याला क्रमांक दिला आणि वहीत नोंद ठेवली, कधी कस लावला, पात्याची लांबी-रुंदी किती, कुणी घेतली. त्या वह्या शिल्लक आहेत. कंपनीने २००५ मध्ये तलवारी बनवणं थांबवलं, पण आकडा वाचता आला तर अजूनही नाव सापडतं. मित्राच्या तलवारीवर तो भाग गंजाने भरला होता, त्याने आठवडाभर थोडंथोडं तेल सोडून, मऊ लाकडी काडीने, पोलादाला ओरखडा न पाडता तो मोकळा केला, आणि पाच आकडे दिसले. नोंदीत एका लेफ्टनंटचं नाव निघालं, पात्याची रुंदी नेहमीपेक्षा थोडी जास्त लिहिलेली होती. म्हणजे त्याने जड पातं सांगून बनवून घेतलं होतं, संचलनात हात अवघडणार हे माहीत असून.